दुसरं मानपत्र

दूरच्या एखाद्या देशातल्या लोकांनी वर्षानुवर्षं मानेवर बसलेला हुकूमशहा खाली ओढला, तर हार कुणाच्या गळ्यात पडायला हवा? घाईनं उत्तर देऊ नका. मी घाईनं दिलं होतं. ते उत्तर आज सोनेरी चौकटीत, काचेमागं, एका भिंतीवर लटकतं आहे आणि ते आठवलं की मला एका जागी बसवत नाही.

हा प्रश्न माझ्या मागं ज्यांनी लावला ते आमच्या युसूफ वडगाव या गावात सभांना माईक लावायचे. सगळा गाव त्यांना चाचा म्हणायचा, मीही म्हणायचे. अंगानं काटकुळे, खिशात टेस्टर, आणि उजव्या मनगटात लाल इन्सुलेशन टेपचं रिळ, बाईच्या हातात बांगडी असावी तसं. लग्नाला गेले तरी ते रिळ हातातच. कुणी हसलं तर म्हणायचे, "हसा. वायर उघडी पडली की मलाच हाका मारताल."

माईक लावल्यावर ‘हॅलो, टेस्टिंग, एक दोन तीन’ असं चाचा कधी म्हणाले नाहीत. "एक, दोन, तीन हे कोन बे? कुन्या गल्लीत राहतेत?" असं त्यांचं म्हणणं. ते माईकवर माणसांची नावं घ्यायचे. "पारूबाई. शाळेच्या विहिरीचा गाळ काढला. पारूबाई, आवाज येतोय का? लतीफ गवंडी. पुलाचा पाया भरला. लतीफभाई, आवाज येतोय का?" यातली निम्मी माणसं वारलेली. बाजारात भाजी विकणाऱ्या बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. एकदा एका कार्यकर्त्यानं सांगितलं, "चाचा, टेस्टिंगला साहेबांचं नाव घ्या की." चाचा म्हणाले, "त्यांचं तर दिवसभर घेनार हायेत. पारूबाईचं ह्या माईकवर दुसरं कोन घेनार?"

दुसरी खोड चालण्याची. भाषण रंगात आलं की हे अॅम्प्लिफायर सोडून चालू पडायचे, बाजाराच्या पार टोकापर्यंत. तिथं जो शेवटचा माणूस उभा असेल त्याला विचारायचे, "काय म्हनले पुढारी?" तो जे सांगेल तेवढंच भाषण झालं, असं ते मानायचे. परत येऊन वक्त्याला सांगायचेही. एका वक्त्यानं तासभर सिंचनावर भाषण केलं. चाचा त्याला म्हणाले, "शेवटच्याला एवढंच कळलं की तुमचा घसा बसलाय."

आणि नकाशा. दुकानाच्या शटरला आतून जगाचा नकाशा चिकटवलेला होता. शटर वर असलं की नकाशा गुंडाळून वर जायचा. जग बघायचं तर भर दुपारी शटर खाली ओढायचं आणि अंधारात टॉर्च मारायची. गिऱ्हाईक बाहेरून ठोकत असायचं, "चाचा, दुकान कावून बंद?" आतून उत्तर यायचं, "दुनिया चालू हाय, थांब जरा!" रेडिओवर बातमी आली की अमुक देशात लोकांनी राज्यकर्त्याला पळवून लावलं, की चाचा टेपचा नखाएवढा तुकडा कापून त्या देशावर चिकटवायचे. तिथं पुन्हा कुणी लष्करी गडी खुर्चीत बसला की नखानं खरवडून काढायचे. काही देशांवरचा कागद या चिकटवण्या-काढण्यात पार फाटला होता.

मी तिथं जायचे ते पत्रकांमुळं. माझे वडील, आबा, जन्मभर पत्रकं वाटत आणि भिंतींवर चिकटवत फिरले. मी अक्षरं शिकले ती पत्रकांवरून. ‘जाहीर निषेध’ हे मी माझ्या नावाच्या आधी वाचायला शिकले. मोठी झाल्यावर पत्रकं मी लिहू लागले, ती रिक्षातून ओरडून सांगायला माईक चाचांचा. चाचा माझं पत्रक आधी वाचून बघायचे आणि एखाद्या वाक्यावर बोट ठेवून विचारायचे, "किती?"

"किती म्हणजे काय चाचा?"

"‘संपूर्ण तालुका पेटून उठला हाय’ म्हनतेस. किती उठला? मी तर आत्ता बाजारातून आलो. लोक पेरू घेत व्हते."

मला राग यायचा. आजही कुणी ‘किती?’ विचारलं की कानशिलं तापतात.

तर साहेब. आमच्या भागातले पुढारी. नाव लिहीत नाही. त्या देशाचंही लिहीत नाही, कारण लिहिलं की तुम्ही पहिल्यांदा हे बघाल की त्या देशाच्या बाजूनं कोणता पक्ष आहे आणि विरोधात कोणता, आणि माझं सांगायचं राहून जाईल. त्या देशात लोक महिनोन्‌महिने रस्त्यावर होते. पोरं मेली. शेवटी सत्ताधारी विमानात बसून पळाला. मग तिथं मतदान ठरलं आणि ते नीट होतं का ते बघायला निरनिराळ्या देशांतून माणसं गेली. त्यांत आमचे साहेब. दहा दिवस राहून आले. ते यायच्या आधीच वडगावात फलक लागले: ‘सातासमुद्रापार लोकशाहीचा दिवा लावणारे’. फलकावर साहेबांचा फोटो दोन पुरुष उंच, आणि खाली शुभेच्छा देणाऱ्यांची तोंडं, हुद्द्याप्रमाणं लहान लहान होत गेलेली.

जाहीर सत्कार ठरला. मानपत्र कोण लिहिणार? मी.

का लिहिलं ते सांगते. आबा गेले तेव्हा घरात पुस्तकांची आणि पत्रकांची चौदा पोती होती. मला वाचनालय काढायचं होतं. गावात मुली दहावी-बारावी होतात, भरतीची परीक्षा द्यायची म्हणतात आणि अभ्यासाला जागा नसते. ग्रामपंचायतीचा जुना कोंडवाडा रिकामा पडला होता. मोकाट जनावरं कोंडायची खोली, पण भिंती दगडी, छप्पर शाबूत. मी दोन वर्षं अर्ज देत होते. साहेबांचा एक माणूस म्हणाला, "मानपत्र फक्कड लिही. स्टेजवरूनच खोली जाहीर करायला लावतो." मी एका बैठकीत दोन पानं लिहिली. ‘आपल्या पावलांचा स्पर्श होताच त्या भूमीत स्वातंत्र्याची पहाट झाली. आपल्या एका शब्दानं सिंहासनं डळमळली.’ असली वाक्यं मला झोपेतही येतात. पत्रकांनी तेवढी सवय लावलेली.

चाचांना दाखवलं. ‘किती?’ विचारतील म्हणून मी तयारीत होते. त्यांनी ते विचारलं नाही. म्हणाले, "परवा सकाळी माईक लावायचाय. टेस्टिंगला तिकडची चार नावं दे. ज्यांनी केलं त्यांची."

मी मोबाईल काढला. पळून गेलेल्याचं नाव मिळालं. नव्यानं उभ्या राहिलेल्यांची मिळाली. निरनिराळ्या देशांचे नेते अभिनंदन करत होते, त्यांची तर रांगच होती. यातल्या काहींनी त्याच हुकूमशहाला आदल्या वर्षापर्यंत लाठ्या आणि अश्रुधूर विकला होता, हेही वाचलं. रस्त्यावरच्या माणसाचं नाव अर्धा तास शोधून एकही मिळालं नाही. ‘आंदोलक’ म्हणून होते. ‘जमाव’ म्हणून होते.

"दोन पानं लिहिली," चाचा म्हणाले, "आन् एक मानूस वळखीचा न्हाई?"

सत्काराच्या दिवशी सगळं वेळेवर झालं, फक्त हार आला नाही. हार म्हणजे क्रेननं उचलायचा, झेंडूचा, बैलगाडीएवढा. आमच्याकडं आता त्याशिवाय सत्कार होत नाही. क्रेन वाटेत एका अरुंद वळणावर विजेच्या तारांखाली अडकली होती. लोक बसले होते, साहेब आले होते, आणि हार येईपर्यंत त्यांना स्टेजवर नेता येत नव्हतं. म्हणून त्यांना स्टेजच्या मागं, चाचांच्या अॅम्प्लिफायरजवळ, सावलीत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवलं. मी कागद घेऊन शेजारीच उभी.

चाचा म्हणाले, "साहेब, एक इचारू का? तुमी तिकडं जाऊन काय केलं?"

कार्यकर्ता धावला. "ओ चाचा, तुमी वायरीचं बघा!"

"इचारू दे रे," साहेब म्हणाले. "काय केलं म्हंजे... गळ्यात ओळखपत्र घालून हिंडलो. ह्या केंद्रावरून त्या केंद्रावर. पेटीला सील हाय का, सगळ्यांची मानसं बसू दिलीत का, कागदावर खुना करायच्या. रातच्याला अहवाल लिहायचा. एका गावात शाळेपुढं लई मोठी रांग व्हती. ऊन आपल्यासारखंच. एकच झाड. आमच्या खुर्च्या त्या झाडाखाली मांडल्या. एक म्हातारी आली काठी टेकत, माझ्याकडं बघून काहीतरी बोलली. दुभाष्या हसायला लागला. मी म्हनलं, काय म्हनते? तर म्हने, तुमी बघायला आलाव ना? मग उन्हातून बी दिसतंय. सावली रांगेला सोडा."

"मग?"

"मग काय. उठलो. खुर्ची तिला दिली, तर ती बसंना. मागं एक पोटुशी बाई व्हती, तिला बसवलं. आमी सगळे दिवसभर उन्हात." साहेबांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसला. "खरं सांगू का चाचा, आमी पोचलो तवा सगळं त्यांनीच उरकलं व्हतं."

मी त्या माणसाचे कितीतरी निषेध लिहिले आहेत. त्या क्षणी मात्र मला तो आवडला.

"हे कमी न्हाई साहेब," चाचा म्हणाले. "हेच स्टेजवर सांगा."

साहेब हसले. "लोक म्हनतील, दहा दिवस परदेशात गेलते आन् खुर्ची देऊन आले."

चाचा माझ्याकडं वळले. "ऐकलंस बेटा? कागद बदल. हार यायला वेळ हाय."

"चाचा, फ्रेम तयार झालीय."

"फ्रेम कोन वाचतंय? वाचनार तू हायेस."

पेन माझ्या हातात होतं. साहेबांनी माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "असू दे गं, चांगलं लिहिलंयस. अन् ते तुझ्या खोलीचं आज करून टाकू." ते प्रेमानंच म्हणाले. धमकी नव्हती, सौदाही नव्हता, म्हणून तर मला राग कुणावर काढता येत नाही. मी पेनाचं टोपण काढलं. लावलं. पुन्हा काढलं. त्या सकाळी घरून निघताना विचारलं असतं तर मी क्रांतीवर तुम्हाला तासभर बोलून दाखवलं असतं. त्या अर्ध्या तासात मला एक ओळ खोडता आली नाही. तेवढ्यात पलीकडून ओरडा झाला, क्रेन आली.

मी वाचलं. लिहिलं होतं तसं, काना-मात्रा न बदलता. तुम्हाला वाटत असेल चाचांनी माईक बंद केला असेल. माझ्या मनात, लाज वाटते सांगायला, तशी आशाच होती. पण कुणाचाही माईक बंद करायचा नाही, हा त्यांचा नेम होता. बंद करण्याचं काम ज्यांचं, ते करतच असतात, म्हणायचे. उलट त्या दिवशी त्यांनी आवाज असा लावला की एकदाही शिट्टी वाजली नाही, एक शब्द घुमला नाही. ‘सिंहासनं डळमळली’ हे मी म्हणाले तेव्हा माझं मलाच खरं वाटलं. टाळ्या पडल्या. खोली जाहीर झाली. पुन्हा टाळ्या. मी वर पाहिलं, तर चाचा गर्दीतून बाजाराच्या टोकाकडं चालत निघाले होते.

सभा संपल्यावर मी वायरी गुंडाळायला गेले. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. "शेवटी पेरूवाला उभा व्हता," ते म्हणाले. "त्याला इचारलं, काय वाचलं पोरीनं? तो म्हनला, आपल्या साहेबानं तिकडं जाऊन राजा पाडला म्हनं." त्यांनी वायरीचं एक वेटोळं पूर्ण केलं. "आवाज साफ गेला बेटा. पार शेवटपर्यंत."

त्या रागात मी दुसऱ्या टोकाला गेले. दुसऱ्याच दिवशी दुकानात जाऊन म्हणाले, आता मी लिहिणार आहे की परक्या देशातल्या बदलाचं काडीचंही श्रेय कुठल्याच पुढाऱ्याला नाही. सगळे फुकटचे हार घालून घेणारे!

"हे बी खोटंच," चाचा म्हणाले.

"का?"

त्यांनी शटर खाली ओढलं. टॉर्च नकाशावर न मारता खालीच धरली. "आपल्या इथं निजामाचं राज्य गेलं तवा फौज बाहेरून आली का न्हाई? आली. ती आली न्हाई म्हनशील तर खोटं. ज्यानं पाठवली त्याचं नाव घ्यायचं का? घ्यायचं. पन त्याच्या आधी जी मानसं रानात लपून लढत व्हती, त्यांना माझी दादी टोपल्यात भाकरी न्यायची. वर शेणाच्या गवऱ्या ठेवून. घरचेच तिला म्हनायचे, मुसलमानाची बाई असून तुला कावून हे धंदे? तरी न्यायची. फौजेचं नाव पुस्तकात हाय, दादीचं न्हाई. म्हनून काय मी फौजेचं खोडू? खोडत न्हाई. दादीचं लिहा म्हनतो. साहेब उन्हात उभा राहिला, तेवढं त्याला दे. जास्त दिलंस ते खोटं, आन् राग आला म्हनून तेवढं बी काढून घेतलंस तर ते बी खोटं."

मला तेव्हा हे पटलं नाही. खरं तर आजही पूर्ण पटलेलं नाही. बाहेरचा नेता पळून आलेल्यांना आसरा देतो, हुकूमशहाशी हात मिळवायला नकार देतो, मतपेटीपाशी जाऊन उभा राहतो, याला किंमत आहे हे मी मानते. पण खरं काय ते ठाऊक असूनही जो मान वाकवून हार घालून घेतो, त्याचं उन्हातलं उभं राहणं त्याच हारानं झाकलं जात नाही का? हे मी चाचांना विचारलं. ते म्हणाले, "त्यानं मान वाकवली हे खरं. पन हार विनला कुनी?"

मी शटर वर ढकलून बाहेर पडले.

मग चाचा जिथं भेटतील तिथं एकच विचारायचे. बाजारात, एस.टी. थांब्यावर, एकदा तर कुणाच्या मयतीत. "दुसरं लिहिलंस का?" मी म्हणायचे, लिहिते. कोंडवाड्यात वाचनालय सुरू झालं. दावणीच्या खुंट्या काढून आम्ही फळ्या लावल्या. उद्घाटनाला चाचांनी माईक लावला आणि टेस्टिंगला आबांचं नाव घेतलं, "भिंतीला पत्रकं डकवली. आवाज येतोय का?" मी रडले. त्याच दिवशी जाताना पुन्हा तेच, "दुसरं लिहिलंस का?"

मी लिहीत नव्हते याचं कारण भीती. खोली साहेबांच्या शब्दावर मिळाली आहे, कागदावर अजून ग्रामपंचायतीचीच आहे. आज तिथं एकवीस मुली बसतात. एक पोलीस भरतीत लागली. शब्द फिरला तर किल्ली परत द्यावी लागेल, आणि त्या मुली पुन्हा घरच्या चुलीशेजारी पुस्तक धरून बसतील. हे कारण लहान नाही. पण कारण लहान नसलं म्हणून खोटं खरं होत नाही, हेही मला कळत होतं, आणि या दोन्हींच्या मधे मी तीन वर्षं येरझाऱ्या घातल्या.

चाचांना अंबाजोगाईच्या दवाखान्यात नेलं तेव्हा मी भेटायला गेले. मनगटातलं रिळ काढून ठेवलेलं होतं आणि तिथली कातडी पांढरी पडली होती. त्यांनी मला पाहिलं, ओठ हलवले. काय विचारणार ते मला माहीत होतं, म्हणून मीच आधी म्हणाले, "लिहिते चाचा." त्यांनी मान फिरवली. चार दिवसांनी ते गेले.

त्यानंतरच्या आठवड्यात मी लिहिलं. पंधरा मिनिटं लागली. ते असं आहे:

‘साहेब, त्या देशातल्या लोकांनी हुकूमशहाला घालवलं, तेव्हा आपण तिथं नव्हता. नंतर झालेलं मतदान नीट होतं का हे बघायला आपण गेलात. पेट्यांची सीलं तपासलीत आणि जे दिसलं ते लिहून दिलंत. एका म्हातारीनं आपल्याला सावलीतून उठायला सांगितलं आणि आपण उठलात. एवढ्या कामाबद्दल आम्ही आपले मनापासून आभारी आहोत. बाकीचं श्रेय त्या रांगेचं आहे. आधी वाचलेलं मानपत्र मी लिहिलं होतं. ते खोटं होतं आणि ते मी मागं घेते.’

हे घेऊन मी साहेबांच्या संपर्क कार्यालयात तीनदा गेले. साहेब भेटले नाहीत. पीएनं वाचलं, माझ्याकडं पाहिलं, म्हणाला, "ताई, वाचनालय बरं चाललंय ना?" आणि कागद टेबलाच्या डाव्या ड्रॉवरमध्ये ठेवला. तो तिथंच आहे. किल्लीचं काय व्हायचं ते होईल. मुलींना मी हे सगळं सांगितलं आहे. दोघी माझ्यावर चिडल्या, त्यांचं चिडणं बरोबर आहे. एकीनं कागदाची नक्कल मागून घेतली.

आता तुमच्याकडं एक मागणं आहे. दाखल्यासाठी, रस्त्यासाठी, कुणाच्या बदलीसाठी तुम्ही कधीतरी त्या कार्यालयात जाणारच. खुर्चीमागच्या भिंतीवर सोनेरी चौकट दिसेल. तुमचं काम लगेच काढू नका. पीएला सांगा, डाव्या ड्रॉवरमधलं दुसरं मानपत्र द्या. तो टाळेल. तुम्ही हलू नका. ते हातात घ्या आणि साहेब समोर असतील तर त्यांच्यापुढं, नसतील तर तिथं बाकावर बसलेल्या सगळ्यांपुढं, पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचा. मग तुमचं काम सांगा.